प्रवासातल्या खुनाची भरपाई : रेल्वेला एक न्याय, बसला दुसरा

मा. संपादक,

लुटारूंनी रेल्वेच्या डब्यात प्रवाशाचा जीव घेतला, तर भरपाईसाठी वारसांना कोणाचाही निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. रेल्वे कायदा १९८९ मध्ये हिंसक हल्ला, लूट, दरोडा, गोळीबार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गाडीबरोबर फलाट आणि प्रतीक्षालयही त्यात येते. भरपाई ८ लाख रुपये, दाव्याची मुदत एक वर्ष. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे.

स्वारगेटहून रात्रीची बस धरणाऱ्याला असा आधार नाही. मोटार वाहन कायदा फक्त ‘वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात’ एवढेच म्हणतो, आणि विमा कंपनी सांगते, हा अपघात नव्हे, खून आहे. यावर सर्वोच्च न्यायालयाचा रीटा देवी खटल्यातला निकाल (२०००) आहे. दिमापूरमध्ये रिक्षा पळवण्यासाठी प्रवाशांनी चालकाला ठार केले. मूळ हेतू चोरीचा, खून त्या ओघात झाला, म्हणून तो अपघाती मृत्यू ठरला आणि विमा कंपनीवर जबाबदारी आली. वैरातून ठरवून मारले असते, तर आली नसती. पण तिथे वाहनच चोरायचे होते. बसमध्ये दागिने हिसकावताना प्रवासी मारला गेला, तर त्याचा वाहनाच्या वापराशी काय संबंध, असा मुद्दा कंपनीचे वकील काढतात आणि ती लढाई प्रत्येक कुटुंबाला नव्याने लढावी लागते.

म्हणूनच फिर्यादीत ‘अज्ञाताने वार केले’ एवढेच लिहून भागत नाही. काय लुटले, बस धावत होती की थांबली होती, ठिकाण, वेळ, गाडीचा नंबर हे सारे त्यात हवे. राहिले असेल तर लगेच पुरवणी जबाब द्यावा. घटनास्थळाचा आणि मृतदेहाचा असे दोन्ही पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, तिकीट आणि बसच्या विमा पॉलिसीची प्रत मिळवावी. दोषारोपपत्राची वाट पाहत बसू नये, कारण भरपाईचा दावा करण्याची कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि इथे चालकाची चूक बहुधा नसतेच. कलम १६४ खाली तो दाखवावा लागत नाही, पण रक्कम ५ लाखच, आणि ‘अपघात’ हा शब्द तिथेही आडवा येतोच.

हिंसक हल्ला, लूट, दरोडा यांचा उल्लेख असलेली रेल्वे कायद्यातली व्याख्या केंद्राने मोटार वाहन कायद्यात जशीच्या तशी घ्यावी. पुण्याच्या खासदारांनी ही मागणी संसदेत लावून धरावी.

– एक वाचक, पुणे