तुझ्या रेडिओचं नाव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या इंटरनेट रेडिओसाठी तू पाठवलेली नावांची यादी मिळाली. बाबांनी ती वाचलीच नाही, मीच वाचू दिली नाही. मी स्वयंपाकघरातून एकेक नाव म्हणत गेले आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून कानावर पडेल ते कागदावर उतरवलं. ‘स्पंदन’ त्यांच्या कागदावर ‘बंधन’ झालं. ‘स्वरसाज’ लिहिताना ते अडखळले आणि शेवटी काहीच लिहिलं नाही. ‘तंबोरा’ मात्र पहिल्या फटक्यात बरोबर आलं. सई, रेडिओचं नाव असंच निवडावं असं मला अगदी मनापासून वाटतं. पाटीवरचं नाव लोक डोळ्यांनी वाचतात. तुझं नाव ते भांडी घासताना, एसटीत, मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकणार आहेत.

आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर कॅज्युअल अनाऊन्सर, म्हणजे लागेल तेव्हा बोलावलेली निवेदिका, म्हणून मी जे काम केलं, त्यात कान तयार झाला तो कायमचा. स, श, फ या अक्षरांचा जोर फार वरच्या कंप्रतेत असतो. साध्या फोनवर आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच जातो, म्हणून फोनवर आडनाव सांगताना ‘स, सशातला’ असं म्हणावं लागतं. तुझं स्टेशन इंटरनेटवर असलं, तरी कमी बिटरेटवर, म्हणजे आवाज थोड्या डेटात दाबून पाठवला की, वरचा भाग तिथेही कापला जातो. शिवाय तुझ्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, तेव्हा नाव पसरणार ते तोंडोतोंडी. एखादी मावशी दुसरीला फोनवर सांगेल, ‘अगं, ते अमुक रेडिओ ऐक.’ त्या एका वाक्यात नाव धड पोचलं पाहिजे. हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे हौसेने बिनतारी यंत्रावर एकमेकांशी बोलणाऱ्यांना, ही मुभा नसते. त्यांचं ओळखचिन्ह सरकार देतं, आपल्याकडे व्हीयू 2 किंवा व्हीयू 3 ने सुरू होणारं, आणि खरखरीतून ते पोचावं म्हणून एकेक अक्षर ‘व्हिक्टर’, ‘युनिफॉर्म’ असं फोडून सांगावं लागतं. तुला नाव निवडता येतंय, तर फोडून सांगावं लागणार नाही असंच निवड. प आणि भ यांनी सुरू होणारी नावंही टाळ. ओठ उघडताना हवेचा झोत थेट माइकवर आपटतो, आणि ते नाव तू रोज कितीतरी वेळा घेणार आहेस.

‘मिडनाइट मराठी 99.9’ मला अजिबात पटलं नाही. 88 ते 108 मेगाहर्ट्‌झ हा आपला एफएमचा पट्टा आहे. त्यातला आकडा नावात घातलास, तर एखादे आजोबा खरंच रेडिओची कळ 99.9 वर फिरवत बसतील आणि त्यांना काहीच सापडणार नाही. तू इंटरनेटवरून बोलतेस यात लाजण्यासारखं काय आहे? मोठ्या स्टेशनचा अंगरखा घालून छोटं स्टेशन मोठं होत नाही.

छोट्या स्टेशनच्या नावाचं काय होऊ शकतं ते सांगते. मैसूरच्या महाराजा कॉलेजात डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. 1935 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरातून, ‘विठ्ठल विहार’मधून, 30 वॅटचा ट्रान्समीटर लावून प्रक्षेपण सुरू केलं. 30 वॅट, म्हणजे घरातल्या एका बल्बाएवढी शक्ती. त्या हौशी स्टेशनचं नाव होतं ‘आकाशवाणी’. पुढे मैसूर संस्थानाने ते चालवायला घेतलं, आणि स्वातंत्र्यानंतर सबंध देशाच्या नभोवाणीने तेच नाव उचललं. प्राध्यापकांनी ते नाव ठेवलं तेव्हा पल्ला जेमतेम शहरापुरता होता. पण म्हणायला सोपं, आणि म्हाताऱ्या बाईपासून शाळकरी पोरापर्यंत कुणालाही समजावून सांगावं लागू नये असं ते होतं. दिल्लीला त्याहून चांगलं सुचलं नाही यातच सगळं आलं.

दुसरं उदाहरण बिहारचं. वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने स्वस्तातले सुटे भाग जोडून एफएम स्टेशन काढलं आणि नाव ठेवलं ‘राघव एफएम मन्सूरपूर 1’. कोण बोलतंय आणि कुठून बोलतंय, दोन्ही नावातच. गावकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. परवाना नव्हता म्हणून 2006 मध्ये ते बंद करावं लागलं. तेव्हा ऑनलाइन मिळतो तसला एफएम ट्रान्समीटर गच्चीवर लावायचा विचार तुझ्या त्या मित्राच्या डोक्यातून काढून टाक. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे, आणि तुझं सगळं काम इंटरनेटवर नीट होतंय.

आता ‘रेडिओ मिरज’बद्दल. हे नाव ऐकून बाबांचे डोळे भरून आले, माझेही. तरी नको म्हणते. तू कोथरूडच्या खोलीत बसून बोलणार. ‘रेडिओ मिरज’ म्हटल्यावर इथला माणूस विचारणार, आज कृष्णेला पाणी किती, कोल्हापूरची गाडी वेळेवर आहे का, मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला कोण गाणार. ते तू पुण्यातून रोज कसं सांगशील? नावातून जे कबूल करतेस ते हातून झालं पाहिजे. गाव सोडू नकोस, नावातून काढून वाक्यात घे. ‘हा रेडिओ तंबोरा, पुण्याहून सई बोलतेय.’ दिवाळीत इथे येऊन माजघरातून बोलशील तेव्हा ‘मिरजेहून’ म्हण. ऐकणाऱ्याला तो फरक कळतो आणि त्याला तो आवडतो.

तू कुठून बोलतेस हे सांगण्याबद्दल मी एवढी आग्रही का आहे, त्यामागे उषा मेहता आहेत. 1942 च्या ऑगस्टमध्ये, छोडो भारतच्या धामधुमीत, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलीस मागावर, म्हणून जागा सारख्या बदलायच्या. पत्ता सांगणं म्हणजे तुरुंग. तरीही प्रक्षेपणाच्या सुरुवातीला त्या सांगत: हा काँग्रेस रेडिओ आहे, 42.34 मीटरवर, हिंदुस्थानात कुठूनतरी. ज्यांना पत्ता लपवणं भाग होतं त्यांनीसुद्धा नाव, तरंगलांबी आणि देश एवढं तरी सांगितलंच. ऐकणाऱ्याला उद्या पुन्हा यायचं असतं, त्याला खूण लागते. 12 नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या, जेमतेम अडीच महिने ते स्टेशन चाललं, आणि ते वाक्य अजून लोकांना पाठ आहे. मला तर ते नुसतं लिहितानाही अंगावर काटा येतो.

ते वाक्य तू एकदाच ठरव आणि मग बदलू नकोस. अमेरिकेत तर स्टेशनांवर बंधन आहे की तासाच्या टोकाला आपली ओळखीची अक्षरं आणि गावाचं नाव सांगायचंच. तुझ्यावर बंधन नाही, पण तू दर पंधरा मिनिटांनी सांग. मधेच कुणीतरी नव्याने आलेलं असतं. आणि प्रत्येक वेळी नवा चटपटीतपणा आणू नकोस. ओळीचा सूर, ठेहराव, शब्द तेच ठेव. रोज तेच ऐकून माणसाला कंटाळा येत नाही गं, उलट घरी आल्यासारखं वाटतं.

स्वतःच्या नावाचं तू विचारलंस. ‘आरजे’ लावू नकोस. आडनाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण हवेवर सांगायची गरज नाही आणि एकट्या राहणाऱ्या मुलीने सांगूही नये. नुसतं ‘सई’ पुरे. दोन अक्षरी आहे, लक्षात राहायला सोपं. ऐकणाऱ्यांना काय म्हणायचं ते तुझ्या जिभेला जे सहज येईल ते. आमच्याकडे ‘श्रोतेहो’ होतं, तुझ्या तोंडी ते जड वाटेल. अमीन सयानींनी रेडिओ सिलोनवर ‘बहनों और भाइयों’ म्हणताना बहिणींना पुढे ठेवलं, आणि तेवढ्या उलटापालटीवर त्यांची ओळख उभी राहिली. पण त्यांचं ते त्यांच्यापाशीच राहू दे. ऐकणाऱ्यांना आवाज उसना घेतलेला आहे हे फार लवकर कळतं.

उसन्या आवाजावरून आठवलं, जिंगल विकत घेऊ नकोस. तू पाठवलेल्या तिन्ही ऐकल्या. तिन्हींत तोच ढोल, तोच गोंगाट, आणि त्याच आणखी शंभर जणांनी घेतलेल्या असणार. आकाशवाणीची संकेतधून आठव. पहाटे ती लागली की रेडिओ लावलेला आहे हे आळीत सगळ्यांना कळायचं. ती वॉल्टर कौफमन यांची मानतात. कार्ल्सबादला जन्मलेले ज्यू संगीतकार, 1934 मध्ये युरोप सोडून मुंबईत आले आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचं काम बघू लागले. परक्या देशातून जीव वाचवून आलेल्या माणसाने शिवरंजनी रागाचे सूर घेतले, खाली तंबोरा धरला, वर व्हायोलिन ठेवलं. कुणाचीच नक्कल न करता किती थोडक्यात काम झालं बघ.

तुला तर काही शोधायलाच नको. तुझा निम्मा कार्यक्रम सतारमेकर गल्लीवरच आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही गाणाऱ्यांना हे गाव ठाऊक होतंच. कारागीर जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावताना तारेखाली दोरा सरकवत जातो, आणि बोथट आवाज एका क्षणी उघडतो, गुंजायला लागतो, ती जागा रेकॉर्ड कर. आधी मिटलेला आवाज, मग उघडलेला, आणि लगेच तुझं वाक्य. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळं वाजव, मधल्या ओळखीला फक्त पंचमाची तार आणि षड्‌ज, चार सेकंदांत संपलं पाहिजे. नाव तंबोरा, धून तंबोऱ्याची, आणि तंबोरा आपल्या गल्लीतल्या माणसाच्या हातचा. यात तुला कुणाची परवानगी मागावी लागणार असेल तर फक्त त्या कारागिराची. ती मात्र नीट माग, आणि त्यांचं नाव कार्यक्रमात घ्यायचं की नाही तेही त्यांनाच विचार.

नाव पक्कं करण्याआधी दोन कामं कर. ट्रेडमार्कच्या सरकारी यादीत प्रसारण आणि करमणूक हे दोन्ही वर्ग, म्हणजे 38 आणि 41, बघून घे. कुणी आधीच नोंदवलेलं असेल तर आताच कळलेलं बरं, वर्षभराने सगळं बदलायला जीवावर येईल. आणि ‘तंबोरा’ रोमन लिपीत लोक दोन-तीन तऱ्हांनी लिहितील, तेव्हा सगळ्या तऱ्हांचे पत्ते घेऊन ते एकाच जागी वळव. याला थोडे पैसे लागतील, ते मी देते.

माझं मत ‘तंबोरा’ला आहे, बाबांचं ‘गुंजन’ला. पण रोज तोंडाने म्हणायचंय तुला, म्हणून ठरव तू. ठरवण्याआधी रात्री थकून आल्यावर, आवाज बसलेला असताना, दोन्ही वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐक.

पुढच्या शनिवारी येणार असशील तर रेकॉर्डर आणि तो लांब केसाळ टोपीचा माइक घेऊन ये. कारागीर काकांशी मी बोलले आहे. दुपारी दोन ते चार गल्लीत गाड्या कमी असतात, तेव्हा या म्हणाले. चार्जर विसरू नकोस, त्यांच्या दुकानात तेवढ्या वेळात हमखास लाइट जाते.

तुझी,
आई