मेळघाटातल्या ‘भुताच्या गावा’बद्दल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी माझ्या वडिलांपासून येतो. परतवाड्याच्या अलीकडं आमची थोडी संत्र्याची बाग आहे, बाकी सोयाबीन आणि हरभरा. पेपरला पत्र आजपर्यंत कधी लिहिलं नाही, त्यामुळं काही चुकलं तर सांभाळून घ्या. मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मेळघाटातल्या उठून गेलेल्या गावांचे फोटो छापले, वर मोठ्या अक्षरात ‘भुताची गावं’, आणि एका फोटोखाली लिहिलं की हे ‘जादूटोण्याचे खांब’. तो फोटो पाहिला आणि मला आमचा जानेवारीतला ट्रेक आठवला, म्हणून लिहितो.

आमचा एक ग्रुप आहे, परतवाडा-अचलपूर-अकोट मिळून वीसेक जण, कोणी मास्तर, कोणी मेडिकलवाला, दोन-तीन माझ्यासारखे शेतकरी, महिन्यातून एखादा रविवार कुठंतरी चढायचं, गाविलगड झाला, नरनाळा तर चारदा झाला. मग कोणीतरी व्हॉट्सअपवर टाकलं की या वेळी ओसाड गाव पाहू, एकदम हॉरर पिक्चरवानी असते म्हणे, आणि सगळ्यांनी धडाधड अंगठे दिले, मीही दिला. परवानगी रीतसर काढली, सोबत वनरक्षक होता, ते गाव व्याघ्र प्रकल्पाच्या कोरमध्ये, म्हणजे अगदी आतल्या राखीव भागात येतं, तिथं असं कोणालाही उठून जाता येत नाही आणि येऊही नये. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथं गाड्या लागतील.

वाट दाखवायला एक कोरकू, म्हणजे मेळघाटातले आदिवासी, बाबा आले होते, साठीच्या पुढचे. त्याच गावचे. आता खाली अकोटकडं राहतात. अंगावर जुनं स्वेटर, गळ्यात दुपट्टा, पायात प्लास्टिकची चप्पल, आणि आम्ही तीन-तीन हजाराचे बूट घालून त्यांच्या मागं धापा टाकून रायलो होतो. वाटेत त्यांचा फोन वाजला तर कोरकूत बोलले, आम्हाला एक शब्द कळला नाही. पिढ्यानपिढ्या यांच्या पायथ्याशी राहतो आम्ही, दिवाळीनंतर ही माणसं आमच्या वावरात सोंगणीला येतात, आणि त्यांच्या भाषेतलं मला एवढंच माहीत की कोरो म्हणजे माणूस आणि कू लावलं की माणसं. कोरकू म्हणजे माणसं, बस. ही भाषा मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही, तिकडं झारखंडच्या मुंडारी-संथालीची ती बहीण आहे, हे आमच्यातल्या मास्तरनं चालता चालता सांगितलं.

दोन-अडीच तास चढून पोचलो तर सगळ्यांचे चेहरे पडले. काहीच नव्हतं! ना पडके वाडे, ना जाळं लागलेले दरवाजे. एक मोठं माळरान, छातीभर वाळलेलं गवत, मधी मधी तरोटा वाळून खडखड वाजत होता, रानतुळस माजलेली, दोन-तीन मोठाले मोह, एक आंबा, बाजूला एक हातपंप आणि जिल्हा परिषदेच्या शाळेची अर्धी भिंत. मेडिकलवाला म्हणे, “हे पाहायले आलो का बे आपण?” ड्रोन आणलेला पोरगा तर पार नाराज, तसंही वनरक्षकानं त्याला ड्रोन बॅगमधून काढूच दिला नव्हता.

लोकांना वाटते गाव सोडलं म्हणजे घर तसंच टाकून गेले, चुलीवर तवा ठेवून. तसं नसते साहेब. गरीब माणूस घर मागं टाकत नाही, घर सोबत नेतो. सागाच्या मयाली (तुळया), दरवाजे, कवेलू (कौलं), सगळं उतरवून ट्रॅक्टरमध्ये भरून खाली आणलं यांनी. भिंती तर बांबूच्या तट्ट्याच्या, वरून माती-शेणाचा लेप, त्या दोन पावसाळ्यात जमिनीला मिळून जातात. मग उरलं काय, तर ओटे. गवत बाजूला केलं की दिसतात, वीतभर उंच, चौकोनी.

पण ते दिसायलाही बाबाच लागले. कोरकू गाव म्हणजे दोन समोरासमोर रांगा आणि मधून रुंद रस्ता, तो रस्ता आम्हाला दिसत नव्हता आणि ते त्याच्यावरून सरळ चालत गेले, गवतातून, एकदाही न अडखळता. डावीकडं हात करून नावं घेत होते, हे अमक्याचं, हे तमक्याचं, याच्या घरी रेडिओ होता, याची बायको नदीला गेली ते अस्वलानं धरलं पण वाचली. मग एका ओट्यापाशी थांबले. “हे आमचं. इथं चूल होती. इथं कोठी, कुटकी भरे त्याच्यात. इथं बुढी बसे सकाळी उन्हाले.” कोपऱ्यात जात्याची खालची तळी होती, अर्धी मातीत गेलेली, वरची नव्हती. मी विचारलं वरची कुठं, तर म्हणे दोन्ही नेणार होतो, ट्रॅक्टर भरला, ड्रायव्हर घाई करे, एकच नेली. “आता एक तिकडं, एक इथं. दळते काय?” आणि हसले. आम्ही पण हसलो. मग कोणालाच काही बोलणं सुचलं नाही.

आता ते खांबाचं. गावाच्या टोकाला आंब्याखाली सागाच्या लाकडाच्या कोरलेल्या फळ्या उभ्या होत्या, सात-आठ, काही वाकलेल्या, एकीला वाळवी लागलेली. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. वाटेत नाल्यात पाय गेल्यानं माझे मोजे ओले झाले होते आणि जेवायला आम्ही त्याच सावलीत बसलो, तर मी मोजे काढले आणि त्यातल्या एका फळीवर वाळत घातले. हो, मीच. कोणीतरी त्याचा फोटो पण काढला, हसत हसत. बाबा पाणी पिऊन रायले होते. उठले, काही बोलले नाही, मोजे उचलले, झटकले, एकात एक घडी करून माझ्या बॅगवर आणून ठेवले, आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसले. मी पाच मिनिटांनी जाऊन विचारलं की बाबा हे काय आहे, तर म्हणाले, “मुंडा. याच्यात माहा बाप आहे.”

त्याचं असं आहे की कोरकूंमध्ये माणूस गेला की तिथंच संपत नाही. पुढं सवडीनं, कधी कधी कित्येक वर्षांनी, घरात पैसा-धान्य जमलं की सिडोली करतात, मोठा कार्यक्रम असतो, नाच-जेवण, आणि मेलेल्या माणसाच्या नावानं सागाचा मुंडा कोरून गावाबाहेर उभा करतात. एकाच फळीवर घरातली दोन-चार गेलेली माणसं पण असतात. तोपर्यंत तो जीव मोकळा फिरतो म्हणतात, सिडोली झाली की पितरांत जाऊन बसतो. म्हणून घर उतरवून नेलं तरी मुंडे नेले नाहीत. मुठवा देव, गावाचा राखणदार, झाडाखालचे नुसते शेंदूर लावलेले दगड, तो पण तिथंच आहे. बाबा म्हणे तिकडं नवीन गावात पण एक मुठवा बसवला, पण तो अजून नवा आहे, त्याला सगळ्यांची ओळख नाही. हे वाक्य मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

तर साहेब, जादूटोणा कुठं आला यात? आपल्या स्मशानात समाधी असते, छत्री असते, त्याला आपण जादूटोणा म्हणतो का?

आता गाव उठलं कसं तेही थोडं सांगतो, कारण तुमच्या पुरवणीत ‘रातोरात गायब झालेली वस्ती’ असं काहीतरी होतं. रातोरात काही झालं नाही. 1973 ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, देशातल्या पहिल्या 9 मध्ये आपला मेळघाट. पुढं बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी खाली आली, मग वैराट, चुर्णी, आमोना, नागरतास, बारूखेडा, सोमठाणा, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी एक एक. 2008 पासून गाव सोडणाऱ्या कुटुंबाला 10 लाखाचं पॅकेज होतं, 2021 ला ते 15 लाख झालं. अठरा पूर्ण झालेला पोरगा वेगळं कुटुंब धरतात. बाबांचा पोरगा तेव्हा सतराचा होता. “चार महिने पायजे होते फक्त,” एवढंच बोलले. कायद्यात गावाची मर्जी लागते, ग्रामसभेची संमती लागते, कागदावर ती आहे. पण आमच्याकडं दहा लाखात ओलिताची दोन एकर धड भेटत नाही हे मी शेतकरी म्हणून सांगतो. लोक म्हणतात यांनी पैसे उडवले, मोटरसायकली घेतल्या. घेतल्या असतील. आमच्या गावात समृद्धी महामार्गात ज्यांच्या पाहुण्यांची जमीन गेली त्यांनी काय घेतलं ते पण आम्ही पाहिलं आहे. 2019 च्या जानेवारीत, आधी उठलेल्या गावांचे लोक परत जंगलात जाऊन बसले होते आणि मोठी मारामारी झाली, ते तुमच्यासकट सगळ्या पेपरात आलं होतं, मग आज तीच गावं भुताची कशी झाली?

आणि मी काही एका बाजूनं लिहीत नाही. बाबांनाच विचारलं, तिकडं बरं का इकडं बरं? म्हणे तिकडं नातवाले ताप आला तर अर्ध्या तासात दवाखाना, इथं बुढीले बाजेवर टाकून नेलं होतं, रस्त्यातच गेली. मग थोडं थांबून म्हणे, पण तिकडं सगळं विकत, सरपण विकत, मोह विकत. आणि ज्या माळावर आम्ही उभे होतो ते यांची वावरं होती, नांगरलेली, म्हणून तिथं आता एवढं चांगलं गवत होते आणि सांबर-गवे चरायला येतात. वनरक्षकानं गव्याचं ताजं शेण दाखवलं, बाबाच्या ओट्यापासून वीस पावलांवर. जंगलाचं भलं झालं यात वाद नाही. वाघाला जागा लागते, बरोबर आहे. फक्त ती जागा कोणाची होती हे बोर्डावर कुठं लिहिलेलं नाही.

निघताना एकानं कवेलूचा तुकडा बॅगेत टाकला होता, देशी कवेलू, वर कुंभाराच्या बोटांच्या रेघा दिसत होत्या, म्हणे हॉलमध्ये शोकेसला ठेवतो. वनरक्षकानं पाहिलं, काढायला लावला, बरोबरच केलं, कोरमधून पान पण आणता येत नाही. आणि दहा मिनिटांनी बाबा मागं राहिले म्हणून मी वळून पाहिलं तर आपल्या जुन्या आंगणाच्या कडेच्या बोरीखाली उभे राहून बोरं दुपट्ट्यात बांधत होते. वनरक्षक तेव्हा बुटाची लेस बांधत होता. फार वेळ बांधत होता.

माझं म्हणणं असं की असे ट्रेक बंद करा असं नाही, उलट बाहेरच्या बफरमधल्या जुन्या वस्त्या, गवळ्यांचे जुने वाडे, तिथं परवानगीनं लोक जात असतील तर त्याच गावच्या माणसाला सोबत न्यावं आणि त्याला त्याचे पैसे द्यावे. आम्ही त्या दिवशी बाबांना पाचशे रुपये दिले, वीस जणांत! डिझेलला त्याच्या दहापट गेले. परत येताना गाडीत हिशोब झाला तेव्हा मलाच लाज वाटली, पुढच्या महिन्यात मी आणि मास्तर त्यांच्या घरी जाऊन बाकीचे देऊन आलो. त्यांनी घेतले, पण आधी भाकर आणि चटणी खाऊ घातली. नातू तिथंच होता, त्याला विचारलं बोरं कशी होती आजोबाच्या गावची, तो म्हणे आंबट. वरच्या गावी तो कधी गेलेला नाही.

तिथं त्यांना मी तुमच्या पुरवणीतला नाही, आमच्याच फोनमधला फोटो दाखवला होता, ज्यात मोजे दिसत नाहीत असा. एक फळी बोटानं मोठी करून बराच वेळ पाहत होते, कोपऱ्यात वाळवी किती चढली ते.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, की तो ‘जादूटोण्याचा खांब’ नसून कोरकू लोकांचा मुंडा आहे, गेलेल्या माणसाच्या नावाचा. छापताना ‘मुंढा’ करू नका, मुंडाच ठेवा. बाबांना वाचता येत नाही पण नातू पाचवीत आहे, त्याला मी अंक नेऊन देणार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. अचलपूर, जि. अमरावती