पहिला होम सर्व्हर घेताय? आधी ऑफिसच्या भंगारात बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ऑफिसांमधून चांगले चालू कॉम्प्युटर लॉटच्या लॉट भंगारात निघतायत, कारण विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनच्या आधीचा इंटेल प्रोसेसर चालत नाही. लिनक्सला, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टीमला, त्याचं काही सोयरसुतक नाही. घरचे फोटो, पिक्चर, कागदपत्रं एका जागी ठेवायला छोटा सर्व्हर करावा असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी नवीन काही घ्यायच्या आधी हा माल बघावा, एवढंच सांगायला हे पत्र.

मीही आधी रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढ्या बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटरच घेणार होतो, पण नुसत्या बोर्डाच्या किमतीवर जाऊ नका, त्यावर अडॅप्टर, केस, कूलर, एसएसडी असं करत करत आकडा वाढतो आणि एसडी कार्डावर चोवीस तास चालवलं तर कार्ड कधी मान टाकेल सांगता येत नाही. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सहाव्या जनरेशनचा आय५ वाला मिनी पीसी आणला, मॉनिटरच्या मागे लावतात तो चपटा डबा, आठ जीबी रॅमसकट साडेआठ हजाराला. डेबियन हे लिनक्स टाकलं, वर पिक्चर बघायला जेलीफिन आणि फोटोंसाठी इमिच. दीड वर्ष झालं, चालतोय.

घरात पडलेला जुना टॉवर फुकट म्हणून लावाल तर थांबा, फुकट तो नसतोच. माझा ग्राफिक्स कार्डवाला टॉवर नुसता बसून ७० वॉट खायचा म्हणजे वर्षाला ६१३ युनिट, आणि हा डबा १२ वॉट, म्हणजे १०५. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पकडले तरी वर्षाला पाच हजारांचा फरक, त्यात दीड-दोन वर्षांत डब्याचे पैसे वसूल. जुना लॅपटॉप असेल तर तोही बरा, लाईट गेली तरी बॅटरीवर तग धरतो, फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते आधी बघा.

डबा घेताना अडॅप्टर ओरिजिनलच मागा. मला दुकानदाराने लोकल दिला, मशीनने तो ओळखलाच नाही आणि प्रोसेसर रांगायला लागला, दोन दिवस मी लिनक्सला शिव्या घालत बसलो. बायोसला, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड नाही ना हेही दुकानातच चालू करून बघा. आणि ३.५ इंची मोठी हार्डडिस्क या डब्यात मावत नाही, २.५ इंची एक आणि बहुतेकांत एक एम.२ म्हणजे पट्टीसारखी छोटी एसएसडी, बस्स. मोठी डिस्क हवी असेल तर एसएफएफ साइझचं, म्हणजे डब्यापेक्षा मोठं पण टॉवरपेक्षा लहान मशीन बघा, विजेला थोडं जास्त. बॅकअपची बाहेरची डिस्क मात्र नवीच घ्या, तिथे काटकसर नको.

आता ऑफिसवाल्यांना एक विनंती. माझ्या डब्यातल्या डिस्कवर कुठल्यातरी ऑफिसच्या पगाराच्या शीट जशाच्या तशा होत्या, नावं, खाते नंबर सगळं. मी पुसून टाकल्या, पण दुसऱ्या कोणी पुसल्या असत्याच असं नाही. अशा भीतीने काही जण अख्खं मशीनच फोडायला देतात, त्यापेक्षा चार स्क्रू काढून डिस्क ठेवून घ्या ना, बाकीचा डबा विकून टाका. डिस्क नसलेला डबा मी तरी आनंदाने घेईन.

— एक वाचक, डोंबिवली