नारिंगी दोऱ्यांचे काम दोन वर्षांत होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल बेकर, हसाबिस आणि जम्पर यांना मिळाल्यापासून ‘प्रथिनांच्या रचनेचा प्रश्न संगणकाने सोडवला’ हे वाक्य विज्ञानाच्या पानांवर वारंवार दिसते. पक्की घडी (म्हणजे ठरलेला त्रिमितीय आकार) असलेल्या प्रथिनांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण माणसाच्या प्रथिनांतली साधारण 30 टक्के अमिनो आम्ले ठरलेली घडीच नसलेल्या भागांत येतात. 1894 मध्ये एमिल फिशर यांनी मांडलेली कुलूप-किल्लीची उपमा (रेणू प्रथिनाच्या खाचेत किल्लीसारखा नेमका बसतो) तिथे चालत नाही.

पार्किन्सनशी निगडित अल्फा-सिन्युक्लिन घ्या. 140 अमिनो आम्लांचे हे प्रथिन पाण्यात सैल दोऱ्यासारखे सतत आकार बदलते. प्रथिनाचा आकार वर्तवणारी संगणक प्रणाली अल्फाफोल्ड मात्र त्याच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागाची लांबलचक हेलिक्स (मळसूत्रासारखी वेटोळी) काढून दाखवते, तीही बऱ्यापैकी खात्रीने. ही निव्वळ चूक नव्हे, कारण पेशीतल्या पटलाला चिकटल्यावर हा भाग खरोखर हेलिक्स होतो. फक्त चित्रावर तसे लिहिलेले नसते. उरलेले शेपूट नारिंगी दिसते. नारिंगी म्हणजे विश्वासांक 100 पैकी 50 च्या खाली, म्हणजे इथला आकार सांगता येत नाही. अशा नारिंगी दोऱ्यात खाच शोधून औषधाचा रेणू बसवायला विद्यार्थ्यांना सांगितले जाते, तेव्हा त्यांचे कष्ट वाया जातात.

या प्रथिनांचा खरा अभ्यास प्रयोगशाळेतच होतो आणि तो मुख्यतः पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) करतात. त्यांना फेलोशिपची दोनच वर्षे मिळतात, म्हणून त्यात वेळ कुठे जातो ते सांगायला हवे.

प्रथिन इ. कोलाय जिवाणूत बनवतात. घडी नसल्यामुळे पेशी फोडताच प्रोटिएज (प्रथिने तोडणारी) विकरे त्याचे तुकडे करू लागतात. म्हणून फोडलेला माल लगेच 95 अंशांवर 15-20 मिनिटे उकळायचा. इतर प्रथिनांची घडी उलगडते, आतला पाण्याला टाळणारा भाग उघडा पडतो आणि ती साकळून खाली बसतात. सिन्युक्लिनला उलगडायला काही नसतेच, ते वरच्या द्रवात राहते. प्रोटिएजही त्याच उकळीत मरतात. मात्र प्रथिनाला घडीचा एखादा तुकडा जोडलेला असेल तर ही युक्ती चालत नाही.

पुढे मोजमाप फसवते. प्रथिन किती आहे ते त्याने शोषलेल्या अतिनील प्रकाशावरून मोजतात, आणि तो मुख्यतः ट्रिप्टोफॅन व टायरोसिन ही अमिनो आम्ले शोषतात. सिन्युक्लिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन फक्त चार. त्यामुळे मिलिलीटरला 1 मिलिग्रॅमचे द्रावण 280 नॅनोमीटरला जेमतेम 0.41 शोषण दाखवते. डीएनएचा थोडा अंश राहिला तरी आकडा फुगतो. 260 नॅनोमीटरचे शोषण (तिथे डीएनए जास्त शोषतो) 280 पेक्षा जास्त भरले तर शुद्धीकरण पुन्हा करावे. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल-फिल्ट्रेशन स्तंभातून साडेचौदा किलोडाल्टनचे हे प्रथिन जवळपास चौपट वजनाच्या गोळ्यासारखे बाहेर येते, कारण सैल दोरा जागा जास्त व्यापतो. नवखा माणूस त्याला एकत्र आलेल्या चार रेणूंची चौकडी समजून बसतो! वजन प्रकाश-विकिरणाने स्वतंत्र तपासावेच.

सर्वांत जास्त महिने खातो तो गुठळ्या बनण्याचा प्रयोग. थायोफ्लेविन-टी (गुठळ्यांना चिकटून चमकणारा रंग) घालून 37 अंशांवर हलवत ठेवायचे आणि 482 नॅनोमीटरची चमक मोजायची. एकाच प्लेटमधल्या शेजारच्या दोन खड्ड्यांत गुठळ्या सुरू होण्याआधीचा थांबा कित्येक तासांनी वेगळा येतो. गोठवून वितळवलेल्या मालात आधीच बनलेल्या बारीक गुठळ्या बीजासारख्या काम करतात. त्या काढायला दर वेळी, सुरू करण्याच्या अगदी आधी, 100 किलोडाल्टनच्या गाळणीतून माल काढावा लागतो. हवा आणि पाणी भेटतात त्या पृष्ठभागावरही गुठळ्या सुरू होतात, म्हणून प्रत्येक खड्ड्यात आकारमान तंतोतंत सारखे हवे. एवढे केल्यावरही वेगवेगळ्या वेळी शुद्ध केलेल्या निदान तीन मालांवर तोच निकाल आल्याशिवाय तो छापू नये, असे आमचे ठाम मत आहे.

एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपून रचना अभ्यासण्याच्या तंत्राच्या) एका नमुन्याला (अर्धा मिलिलीटर, 300 मायक्रोमोलर) सव्वादोन मिलिग्रॅम प्रथिन पुरते. पण ते नायट्रोजन-15 आणि कार्बन-13 ही समस्थानिके घालून वाढवलेले हवे, आणि कार्बन-13 ग्लुकोजच्या एका ग्रॅमलाच हजारो रुपये पडतात. शिवाय संकेतांची सगळी शिखरे आलेखाच्या 7.8 ते 8.5 पीपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांवर चढतात. ती सुटी करायला मोठे चुंबक लागते. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) राष्ट्रीय सुविधा आहे, पण अशा यंत्रांवर वेळ आधी मागावा लागतो. आयआयटी मुंबईच्या गटाने 2020 मध्ये दाखवले की सिन्युक्लिनचे आधी द्रव थेंब बनतात, ते घट्ट होत जातात आणि पुढे त्यांत तंतू येतात. असे काम घाईने होत नाही.

आपल्याकडच्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची मुदत 2 वर्षे. प्लास्मिड (जिवाणूत जनुक नेणारे डीएनएचे कडे), शुद्धीकरण आणि मोजमापाची घडी बसेपर्यंत त्यातले पहिले वर्ष सरते. तिसरे वर्ष कामाचा आढावा घेऊन द्यावे आणि समस्थानिकांचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली मंजूर करावा, अशी आमची मागणी आहे. आपल्याला विनंती एवढीच, की अल्फाफोल्डचे चित्र छापाल तेव्हा रंगांचा अर्थ खाली एका ओळीत द्यावा.

आपले,
प्रथिनांवर काम करणारे काही संशोधक, पुणे