तुझ्या राउटरची माफी मागतो

शहापूर, बेळगाव
श्रावण वद्य पंचमी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. पुण्याला जाताना तू जो जुना राउटर माझ्या गळ्यात मारून गेलास, त्याला मी गेले आठ दिवस शिव्या घालायलोय. ओघात तुलाही. काल रात्री कळलं, त्या बिचाऱ्यानं काहीच केलं नव्हतं. फोनवर सांगितलं असतं तर तू हसत सुटला असतास, म्हणून पत्र.

गणपती तोंडावर आलेत. गल्लीतल्या मंडळांच्या पावती पुस्तकांचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. आणि इथला पाऊस तुला माहीत आहे, दिवसातून चारदा करंट जातो. करंट आला की इंटरनेट व्यवस्थित, पण प्रिंटर ऑफलाईन. कधी चालायचा, कधी अर्धं पान काढून गप्प. मंडळाचा खजिनदार चप्पलसुद्धा न काढता दारात उभा.

संशय तुझ्या राउटरवरच गेला, कारण जूनमध्ये माळ्यावर बसवताना त्यानं एकदा गोंधळ घातला होताच. फायबरच्या नव्या मोडेमचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि तुझ्याचाही तोच. एका पत्त्यावर दोघं नांदत नाहीत. मग टाचणीनं रीसेट करून त्याच्या पत्त्याचा शेवटचा आकडा २ केला, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं त्याचं काम बंद केलं आणि केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या, भोकातून काढून लॅनमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कच्या भोकात, खुपसली. तेव्हापासून तो गुमान चालला होता. पण एकदा नाव खराब झालं की झालं.

तक्रार केल्यावर एक पोरगा आला. मोडेम बंद केला, चालू केला, चाचणीचं पान निघालं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री सर," थोडं सांभाळून घ्या म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. तो कोपऱ्यावर पोचला असेल नसेल, करंट गेला.

काल रात्री जेवण झाल्यावर मी हट्टालाच पेटलो. प्रिंटरचा प्लग उपसून काढला आणि कॉम्प्युटरवरून त्याच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.२० ला, पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली. उत्तर आलं! प्लग माझ्या हातात लोंबतोय आणि पडद्यावर एकामागून एक रिप्लाय. खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला. मग 'आर्प' ची यादी काढली, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र बसलंय ती. त्यात २० समोरचा मॅक नंबर, म्हणजे यंत्राची ओळख सांगणारा नंबर, वेगळाच, प्रिंटरच्या पाठीवरच्या स्टिकरशी एक अक्षर जुळेना. म्हणजे घरात दुसरंच कुणीतरी २० होऊन बसलं होतं. पिंग चालू ठेवून घरातले मोबाईल एकेक करून बंद करायला लावले. माझा, हिचा, पोराचा. रिप्लाय चालूच. आई मालिका बघत होती. तिनं चिडून मोबाईल बंद केला आणि इकडे रिप्लाय थांबले.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी प्रिंटरला २० हा पत्ता मीच हातानं दिला होता. कुठे लिहून ठेवला नाही आणि विसरलो. जुना मोडेम १०० पासून पुढचे पत्ते वाटायचा, त्यामुळे चाललं. नवा मात्र २ पासून २५४ पर्यंत सगळे वाटतो. करंट गेला की त्याची वही कोरी होते. रात्री प्रिंटर बंद, २० वर कुणी ओ देत नाही, मग दिला आईच्या मोबाईलला. सकाळी प्रिंटर उठतो आणि जुन्याच पत्त्यावर जाऊन बसतो. खानापूरच्या एसटीत आपण रुमाल टाकून जागा धरायचो की नाही? इथे रुमाल टाकला खरा, पण तो माझा मलाच दिसत होता. तुझ्या राउटरच्या २ चीही तीच गत. तो कायम चालू असतो म्हणून नशिबानं वाचला.

आता मोडेमला १०० ते २०० एवढेच वाटायला सांगितलेत, खालचे सगळे माझे. तरी जाता जाता एक माती खाल्लीच. कॉम्प्युटरलाही हातानं पत्ता दिला आणि गेटवेचा, म्हणजे इंटरनेटकडे जायच्या दाराचा, रकाना रिकामा सोडला. छपाई फर्स्ट क्लास, इंटरनेट ठप्प. अर्धा तास परत मोडेमपाशी उकिडवा बसलो होतो. हिनं विचारलं, "नीट चाललेलं बिघडवायलाच बसलाय काय?" उत्तर नव्हतं.

आज पहाटे दोनदा करंट गेला. उठल्या उठल्या आधी एक पावती काढून बघितली. निघाली. आईच्या मोबाईलला १०३ मिळालाय.

गणपतीला येशीलच. त्या राउटरचा १२ व्होल्टचा मूळ अ‍ॅडाप्टर तुझ्याकडेच राहिलाय, तो न विसरता आण. मी दुसऱ्याच कशाचा तरी लावलाय आणि तो तव्यासारखा तापतो. खायला कुंदा मी आणून ठेवतो.

तुझाच,
शहापूरचा शेजारी