तीन वाजता तालीम, सात वाजता खेळ

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी माल्टाचं बंदर सुटलं, बार्सिलोना उद्या सकाळी येईल. मधला आजचा दिवस नुसतं पाणी, आणि तीन वाजेपर्यंत मी मोकळी आहे. बाबा, त्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझं तिथे नक्की काम काय असतं?" मी "पियानो वाजवते" म्हणेपर्यंत रेंज गेली. तेवढ्या उत्तराने तुमचं समाधान झालं नसणार, म्हणून सविस्तर लिहायला बसले. आई, तुझे जेवणाचे आणि पोहण्याचे प्रश्नही विसरलेले नाही.

जहाजावर मोठं नाट्यगृह आहे, आणि त्या नाट्यगृहाचा बँड म्हणजे आम्ही सातजण. ड्रम्स, बास, गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि मी. आमचा स्वतःचा असा कार्यक्रम क्वचितच असतो. पाहुणे कलाकार एका बंदरात चढतात, दोन-चार दिवस राहतात, पुढच्या कुठल्या तरी बंदरात उतरतात. आज एखादी गायिका, परवा कुणी व्हायोलिनवाला, कधी जुनी गाणी म्हणणारे चौघे. प्रत्येकजण आपल्या गाण्यांचे चार्ट घेऊन येतो, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी वेगळी लिहिलेली नोटेशनची पानं. तीन वाजता ते चार्ट समोर येतात, तास-दीड तासात सगळा कार्यक्रम एकदा वाजवून होतो आणि सात वाजता पडदा उघडतो. नऊ वाजता तोच खेळ पुन्हा, दुसऱ्या प्रेक्षकांसमोर. पाठ करायला वेळच नसतो. पान समोर आलं की ते बोटांतून उतरलं पाहिजे. काही गाण्यांना कानात क्लिक असते, ठोका यंत्राचा. तिथे लय हलवायची सोय नसते. बाकीच्या गाण्यांत मात्र सगळं गाणाऱ्याच्या श्वासावर असतं.

आणि तिथे, बाबा, मी तुमच्याकडे शिकलेलं वाजवते. गुरुवारच्या भजनाला तुम्ही पेटीवर बसायचात आणि मी तुमच्या डाव्या हाताशी, भाता बघत. गाणाऱ्याच्या मागून तुम्ही जेमतेम अर्धा श्वास चालायचात. कुणी सूर चढवला, कुणी ओळ गाळली, तरी ऐकणाऱ्यांना कळायचं नाही, कारण पेटी आधीच तिथे पोचलेली असायची. मी एकदा मध्ये हरकत घेतली तेव्हा तुम्ही घरी येताना एवढंच म्हणालात, "त्याला वाट मोकळी ठेव." नंतर इतक्या वर्षांच्या नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, तिथे ती गोष्ट पक्की झाली. हिंच, म्हणजे गरब्याचा तो जलद ठेका, सुरू झाला की तास-तास थांबायचं नाही, एका गरब्यातून दुसऱ्यात गायक न सांगता शिरणार, सूर बदलणार, आणि मैदानावर हजारो पावलं पडत असताना ठेका सुटता कामा नये. रात्री उशिरा घरी आले की आई, तू म्हणायचीस, यात शिकण्यासारखं काय आहे गं? आता सांगते, इथल्या निम्म्या कामाची तयारी तिथे झाली.

मागच्या आठवड्यातलंच बघा. वयाने मोठ्या असलेल्या एक गायिका होत्या. पहिला खेळ छान झाला. दुसऱ्या खेळात एका संथ गाण्यात त्यांनी एक पूर्ण अंतरा गाळला आणि थेट पुढच्या वळणावर गेल्या. चार्टवर आम्ही एक पान मागे. क्लिक नव्हती. मी पान सोडलं आणि त्यांच्या आवाजाखाली पुढच्या ओळीचा स्वर धरला. ड्रम्सवाल्याने माझ्याकडे बघितलं, बासने माझा डावा हात बघितला, आणि दोन मात्रांत सगळे त्यांच्याबरोबर. विंगेत आल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे भरले होते त्यांचे. आमच्या बँडप्रमुखांनी विचारलं, असं ऐकायला कुठे शिकलीस? मी सांगितलं, माझे वडील बडोद्याला भजनात पेटी वाजवतात. ते तुम्हाला कळावं म्हणून हे इतकं लिहिलं.

शाळेतली कायमची नोकरी सोडून सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर जाणं तुम्हाला पटलेलं नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही तसं एकदाच बोललात आणि नंतर माझ्या कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला स्वतः गेलात. बाबा, शाळेतल्या मुलांवर माझा जीव होता. पण प्रार्थना, स्वागतगीत आणि स्नेहसंमेलन यांच्यापुढे वर्ष जात नव्हतं, आणि माझी बोटं मागे पडत चालली होती. इथे दर आठवड्याला मला न येणारं काहीतरी समोर येतं. सकाळी नाट्यगृह रिकामं असतं तेव्हा मी रोज रियाजाला बसते. चांगला ग्रँड पियानो आहे, जहाज डुललं तर सरकू नये म्हणून पक्का बांधलेला. आधी सप्तकं, मग संध्याकाळचे अवघड तुकडे, आणि उठण्याआधी थोडा वेळ यमन, कारण तो वाजवल्याशिवाय मला दिवस लागल्यासारखा वाटत नाही.

काँट्रॅक्टचा कागद तुम्ही वाचला आहे, तरी एक सांगते. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावीच लागते. आम्हा वादकांचेही तास त्यात नोंदले जातात. कामावर असताना आजारी पडलं तर उपचाराचा खर्च कंपनीचा, काँट्रॅक्ट संपल्यावर घरी पाठवण्याचा खर्चही कंपनीचा. राहणं-खाणं फुकट असल्यामुळे पगारातला बराचसा भाग शिल्लक पडतो. गॅलरीची गळती या पावसाळ्यानंतर काढून टाका, पैसे दादाच्या खात्यावर येतील.

आई, आता तुझी भीती. जहाजावर पाऊल ठेवण्याआधी मुंबईत जे प्रशिक्षण झालं, ते वाजवणारा असो की भांडी घासणारा, सगळ्यांना सक्तीचं असतं. लाइफजॅकेट घालून तलावात उडी मारायची, उलटा पडलेला तराफा दोरी धरून, अंगाचा भार टाकून सरळ करायचा, आग विझवायची, प्रथमोपचार करायचे. तुझी मुलगी, जी कमाटीबागेतल्या तळ्याच्याही काठाला उभी राहत नसे, तिने हे सगळं केलं. इथेही कवायत नेमाने होते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, असा इशारा झाला की वाद्य जिथल्या तिथे ठेवून मला एका ठरलेल्या जिन्यापाशी जायचं असतं. प्रवाशांना त्यांच्या जमण्याच्या जागेकडे वळवणं हे माझं काम. ती जबाबदारी मला मनापासून आवडते. म्हातारी माणसं घाबरली की मी त्यांच्याशी तुझ्यासारखी बोलते.

केबिन लहान आहे, खिडकी नाही, एकावर एक दोन बिछाने. वरचा माझा. खाली फिलिपीन्सची एक मुलगी आहे, गाते. तिचा चार वर्षांचा मुलगा तिच्या आईकडे असतो. ती त्याला फोनवर झोपवते, रोज तेच गाणं म्हणून. मी तेवढा वेळ केबिनबाहेर जाते. तिची आई आणि तू, तुमचं छान जमेल असं मला वाटतं.

क्रूच्या मेसमध्ये भात-डाळ रोज असते, कारण स्वयंपाकघरात आपल्याकडची पुष्कळ माणसं आहेत. बेकरीतले एक गोव्याचे काका कोंकणीत बोलतात, मी मराठीत बोलते. त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी दही बाजूला ठेवायला सुरुवात केली. तुझं मेतकूट पुरवून पुरवून खाते आहे. सेव-उसळीची मात्र आठवण येते, खोटं कशाला बोलू. गणपतीत तू उकडीच्या मोदकांचा फोटो पाठवलास तेव्हा मी जिन्यावर बसून तो बराच वेळ बघितला.

बंदरात जहाज लागलं तरी दर वेळी उतरता येत नाही. आणीबाणीसाठी क्रूपैकी ठराविक लोकांना जहाजावर थांबावंच लागतं, त्याच्या पाळ्या असतात. इटलीत जेनोआला माझी पाळी नव्हती, म्हणून मी थोर व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन बघायला गेले. बाबा, १७८२ मध्ये पागानिनी त्याच गावात जन्मला. १७४३ मध्ये बनवलेलं ते व्हायोलिन त्याने आपल्या गावाला देऊन टाकलं. आज ते तिथल्या एका जुन्या महालात काचेच्या कपाटात आहे. शेजारी एक आजोबा टोपी काढून उभे होते. मीही चपला काढल्या असत्या, इतकं ते आपल्या देवघरासारखं वाटलं.

तिथे मला गायक-वादक इनायत खान फार आठवले. आपल्या बडोद्यातच जन्मलेले, मौलाबक्षांचे नातू. १३ सप्टेंबर १९१० ला मुंबईहून बोटीत बसले आणि भाऊ, चुलतभाऊ यांच्याबरोबर अमेरिकेला गाण्या-वाजवण्यासाठी गेले. वय २८. सुरसागर तळ्याच्या काठी संगीत शिकताना मौलाबक्षांचं नाव आम्ही रोज ऐकायचो. त्यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा काढली आणि नोटेशन लिहून गाणं शिकवायची रीत घातली. कागदावरून संगीत वाचणं हे काही मी परक्यांकडून प्रथम शिकले नाही. मोकळ्या वेळी याचा मला फार आधार वाटतो, की आपल्या गावचा वादक समुद्र ओलांडून गेला, हे याआधीही झालेलं आहे. इनायत खानांच्या घरच्यांना पत्राची किती वाट बघावी लागली असेल! आपण निदान बोलतो तरी.

बोलण्याच्या वेळा लिहून देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लावा. बंदराच्या दिवशी माझे सकाळचे नऊ म्हणजे तुमचे दुपारचे साडेबारा, तेव्हा मी करीन. खेळाच्या दिवशी माझे सहा म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ, तेव्हा पाच मिनिटं आवाज ऐकता येईल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेचार तासांचा होईल. समुद्राच्या दिवशी फोन लागला नाही तर घाबरायचं नाही.

आता जे बोलायला मी पत्र लिहायला बसले ते.

मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी रात्रीच्या गाडीने मुंबईहून येऊ शकले. इथून तसं येता येणार नाही. असा निरोप आला तर मी पुढच्या बंदरापर्यंत जहाजावरच असणार, मग विमान, मग मुंबई, मग बडोदं. दोन दिवस, कदाचित तीन. हे मला निघायच्या आधीपासून माहीत होतं. ते माहीत असून मी आले, आणि त्याचा भार माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही. पण म्हणूनच तुम्ही माझ्यापासून काही लपवायचं नाही. गेल्या दोन फोनवर आई म्हणाली, "सगळं छान आहे", आणि दादाकडून कळलं की बाबांना जिना चढताना धाप लागते. माझ्या वाजवण्यावर परिणाम होईल म्हणून तुम्ही सांगत नाही, हे कळतं मला. पण उलटं होतं. खरं कळलेलं असलं की मी त्या माहितीसकट शांतपणे पियानोवर बसू शकते. काही दडवलं जातंय असा संशय आला की तालमीतही माझं अर्धं लक्ष दांडिया बाजारातल्या आपल्या घरी असतं.

म्हणून एवढं करा. बाबा, पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जा आणि जिन्याची गोष्ट त्यांना स्वतः सांगा, आईला सांगायला लावू नका. इसीजीचा फोटो मला पाठवा, मला त्यातलं कळत नसलं तरी. गुरुवारचं भजन सोडू नका, पण पेटी उचलून नेऊ नका, मंडळातली मुलं नेतील. कंपनीच्या कार्यालयाचा आणीबाणीचा नंबर दादा-वहिनींकडे आहे, तो तुमच्या फोनमध्येही घालून घ्या. शेजारच्या काकूंनाही देऊन ठेवा. त्या नंबरवर निरोप दिला की तो रात्री-अपरात्री जहाजावर माझ्यापर्यंत येतो.

आई, तू तुझ्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख माझ्या येण्यासाठी अडवून ठेवली आहेस, ती अडवू नकोस. दसऱ्यानंतरची घे, दादा सुटी काढून येणार आहे, मी त्याच्याशी बोलले. मी फेब्रुवारीत उतरले की दुसरा डोळा माझ्यासमोर कर.

अडीच वाजले. आज एक बासरीवाला येतोय, त्याचे चार्ट हाताने लिहिलेले आहेत म्हणतात, आधी जाऊन बघते. हे पत्र उद्या बार्सिलोनाला टपालात टाकीन. पोचलं की दादाला फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
मनू