नाशिकची द्राक्षे आणि कोळंबी : मित्रास पत्र

नाशिक,
२२ फेब्रुवारी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझ्याकडे अलिबागला जेवताना, ओल्या खोबऱ्याच्या वाटणावाचून कोळंबीला चव येत नाही, असे तू ठामपणे म्हणाला होतास. वहिनींच्या हातचे कालवण समोर असताना मी वाद घातला नाही; पण गेल्या रविवारी मी फळांच्या सालसाबरोबर कोळंबी केली आणि ती तुला सविस्तर कळवल्यावाचून राहवत नाही.

‘सालसा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नुसता सॉस. मेक्सिकोत टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू यांचा जो कच्चा सालसा करतात, तो आपल्या कोशिंबिरीचा जवळचा नातलग आहे. त्यात टोमॅटोच्या जागी फळे घातली की झाले. आणि सध्या निफाड, दिंडोरीकडचे बाग उतरत असताना नाशिककराने द्राक्षे सोडून दुसरे फळ का शोधावे? मात्र पिवळसर झालेली, अगदी साखरेसारखी गोड द्राक्षे घेऊ नकोस. किंचित आंबूस, दाताखाली करकरीत फुटणारी थॉमसन एक वाटी आणि रंगासाठी काळी शरद अर्धी वाटी घ्यावी, धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि प्रत्येक मण्याचे उभे चार भाग करावेत. त्यात सटाण्याकडच्या भगव्या डाळिंबाचे मूठभर दाणे, बारीक चिरलेली एक मिरची आणि भरपूर कोथिंबीर. या दिवसांतला लाल कांदा उग्र असतो, म्हणून तो चिरून दहा मिनिटे थंड पाण्यात ठेवावा आणि निथळून मगच मिसळावा. मीठ आणि लिंबू अगदी वाढतेवेळी घालावे, कारण मिठाने फळांना पाणी सुटते आणि सालशाचे सार होते.

कोळंबी आमच्याकडे मुंबईहून कसारा घाट चढून बर्फात येते, त्यामुळे निवड जपून करावी लागते. डोके घट्ट चिकटलेले, कवच चकचकीत आणि वास समुद्राचा हवा. अमोनियासारखा उग्र वास आला तर सरळ परत फिरावे. हे तुला मी सांगावे असे नाही, पण घाटावर राहणाऱ्याला ही काळजी रोज करावी लागते. अर्धा किलो मध्यम कोळंबी सोलून, पाठीवरचा काळा धागा काढून, फडक्याने टिपून घेतली. अंग ओले राहिले तर ती तव्यावर भाजली न जाता वाफवली जाते.

पहिल्या खेपेस मी ती लिंबाच्या रसात तासभर मुरवली होती आणि माझी मोठी निराशा झाली. आंबटपणाने कोळंबीतील प्रथिने आचेआधीच आवळली जातात आणि पुढे तव्यावर ती रबरासारखी होते. आता मी फक्त मीठ, हळद, ठेचलेला लसूण आणि चमचाभर तेल लावून दहा मिनिटे ठेवतो. बिडाचा तवा कडक तापवून कोळंबी एका थरात, गर्दी न करता पसरावी आणि एका बाजूस दीड मिनिट, दुसऱ्या बाजूस एक मिनिट एवढीच ठेवावी. तिचा नारंगी रंग मुळातच तिच्यात असतो. तो प्रथिनांशी बांधलेला असल्यामुळे कच्चेपणी राखाडी दिसतो आणि उष्णतेने सुटा होतो. कोळंबी सैल वाकली की उतरवावी. ती आवळून वाटोळी झाली म्हणजे वेळ टळली.

कालवणात कोळंबीचा स्वतःचा गोडवा खोबऱ्याच्या गोडव्यात मिसळून जातो. येथे तो वेगळा लागतो, त्यावर द्राक्षाचा आंबटपणा येतो आणि मागून मिरची. ज्वारीच्या पातळ भाकरीबरोबर आम्ही चौघे जेवलो आणि भर दुपारीही कोणाला जड वाटले नाही. वहिनींच्या कालवणाचे स्थान मी हलवू पाहत नाही; पण तुझे ते विधान मला आता मान्य नाही.

डोकी आणि कवचे टाकू नकोस. थोड्या तेलात परतून वीस मिनिटे उकळलीस तर भाताला सुरेख पाणी मिळते.

येथील द्राक्षे मार्चअखेरपर्यंत तरी चांगली मिळतील. त्याआधी दोन दिवस काढून ये. कोळंबी बर्फात घालून तू आण, द्राक्षे मी बागेतून आणून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर